मालाचे मोल आणि माणसाची पायरी

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण महाराष्ट्रातील प्रत्येक घरात मुलांच्या कानी पडते. पदरी जितका पैसा असेल तितकाच खर्च माणसाने करावा, हा तिचा सरळ अर्थ होय. म्हण शहाणपणाची आहे यात शंका नाही. परंतु बाजारात गेलेला माणूस केवळ कमरेची थैली चाचपून माल घेतो, असे अनुमान जर कोणी तिच्यावरून काढील, तर ते इतिहासाला धरून होणार नाही. दोघा गिऱ्हाइकांच्या हाती एकेकच रुपया असला तरी एक शेराच्या मापाने घेतो आणि दुसरा छटाकाच्या. एकाला दुकानदार गादीवर बसवून पानसुपारी पुढे करतो आणि दुसऱ्याला पायरीखालीच उभे ठेवतो. रुपयाचे मोल टांकसाळीत ठरत असले, तरी तो कोणाच्या हाती आहे यावरून बाजारात त्याचे वजन कमीअधिक होते.

समाजातील पायरीचा खरेदीवर जो परिणाम होतो तो तीन वाटांनी होतो. माणसाने काय घ्यावे याची मोकळीक, कोणत्या मापाने व कोणत्या अटीवर घ्यावे याची सोय, आणि कशासाठी घ्यावे याची ओढ, या त्या तीन वाटा होत. त्यांचा मागोवा घेण्यासाठी मुंबई-पुण्याच्या पेठा धुंडाळण्याचे कारण नाही. हसनाबादसारखे मराठवाड्यातील एक गाव आणि त्याच्या भोवतीचा मुलूख डोळ्यांपुढे ठेवला, म्हणजे दोन हजार वर्षांची साक्ष थोडक्या टापूत मिळते.

हसनाबाद हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील गाव. पूर्णा नदी व तिच्या उपनद्या यांनी हा सारा टापू भिजविला आहे. राजूरचा प्रसिद्ध गणपती याच तालुक्यात, आणि ज्या असईच्या रणावर २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे व भोसले यांच्या फौजांना इंग्रजांनी हरविले, ते असईही याच टापूत. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानची सत्ता संपली, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि १ मे १९८१ रोजी जालना हा निराळा जिल्हा बनला. राज्ये अशी पालटली. परंतु गिऱ्हाइकांच्या पायऱ्या इतक्या लवकर पालटल्या नाहीत.

प्रथम जुनी साक्ष पाहावी. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहुत येथील स्तूपांवर दानधर्म करणाऱ्यांची जी नावे कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनच्या रहिवाशांचीही नावे आढळतात. आपल्या गावापासून शेकडो मैल दूर असलेल्या स्तूपाला दान देणारे लोक खाऊनपिऊन सुखी होते हे उघड आहे. १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी येथे उत्खनन केले. त्यात सातवाहन काळातील दगडी मणी, शंखाच्या बांगड्या आणि हस्तिदंती काम सापडले. त्यांतील एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण इटलीतील पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, त्याच्या अवशेषांत १९३८ मध्ये मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे फार साम्य आहे. तात्पर्य, समुद्रापलीकडील धनिकांच्या आवडीचा माल ज्या धाटणीचा असे, त्याच धाटणीचे काम पूर्णेच्या खोऱ्यातही होते. रोमच्या धनिकाची व भोगवर्धनच्या श्रेष्ठीची आवड जुळावी, आणि त्याच श्रेष्ठीच्या शेजारच्या नांगरधाऱ्याच्या घरी मात्र मातीच्या मडक्यापलीकडे फारसे काही नसावे, यात नवल ते काय? श्रीमंताचा बाजार दूरचा आणि गरिबाचा बाजार शिवेच्या आतला, हा भेद तेव्हापासूनचा आहे.

मध्ययुगात हीच गोष्ट कापडाने दाखविली. आज ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या औरंगाबाद शहरी हिमरू व मशरू ही दोन वस्त्रे विणली जात व त्यांची ख्याती मोठी होती. उमराव किनखाब वापरीत. त्यात रेशमाबरोबर सोन्यारुप्याची जर असे. ज्याला किनखाब परवडत नसे पण उमरावासारखे दिसावेसे वाटे, त्याच्यासाठी सुताच्या ताण्यावर रेशमाचा बाणा घालून हिमरू निघाले. मशरूची युक्ती त्याहून निराळी होती. पुरुषाने निव्वळ रेशीम अंगाला लावू नये असा इस्लामी धर्मशास्त्राचा दंडक. म्हणून विणकराने रेशीम वर राहील व सूत अंगाकडे राहील असे कापड काढले. एका वस्त्राने खर्चाची अडचण भागविली, तर दुसऱ्याने धर्माची. जवळच्या पैठणची जरीकाठी पैठणी तर पेशवाईत मोठ्या घराण्यांचे मानाचे लेणे होऊन बसली. वरच्या पायरीवरच्या माणसाचा पोशाख पाहून खालच्या पायरीवरचा माणूस त्याची स्वस्त आवृत्ती घेतो, ही रीत आजच्या जाहिरातदारांनी शोधून काढलेली नसून औरंगाबादच्या मागांवर ती पूर्वीच विणली गेली होती.

परंतु हिमरू घेणारा माणूसही गावातल्या शंभर घरांत एखादाच. बाकीच्या घरांचा बाजारहाट कसा चाले हे पाहिल्यावाचून विषय पुरा होणार नाही. जुन्या गावगाड्यात पुष्कळशी देवघेव पैशावाचून होत असे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट आदी बलुतेदारांनी वर्षभर कुणब्याचे काम करावे आणि सुगीला खळ्यावर आपल्या वाट्याचे धान्य न्यावे, असा परिपाठ होता. अशा व्यवस्थेत कुंभाराकडून मडके ‘विकत’ घ्यावयाचे नसते. ते हक्काने यावयाचे असते. रोख पैसा लागे तो मीठ, लोखंड, मसाला, कापड व सरकारचा सारा यांसाठी. धान्याने भरलेली कणगी असलेल्या पाटील-देशमुखांना बाजाराची निकड सर्वांत कमी, आणि ज्याच्या घरी कणगीच नाही त्या मजुराला ती सर्वांत अधिक, असा हा उलटा प्रकार होता. ज्याला बाजाराची गरज जास्त, त्याच्याच हाती बाजारात चालणारे नाणे कमी!

त्या नाण्याचीही एक कथाच आहे. हैदराबाद संस्थानात हाली शिक्का चाले आणि इंग्रजी मुलखात कलदार. सुमारे ७ हाली रुपये ६ कलदार रुपयांच्या बरोबरीचे धरीत. भोकरदन तालुका वऱ्हाड व खानदेश या इंग्रजी मुलखांना लागून. तेव्हा दोन्ही नाणी लोकांच्या हाती येत आणि मोड करताना बट्टा द्यावा लागे. शंभर रुपयांची घडी बदलणाऱ्या व्यापाऱ्याला बट्टा घासाघीस करून कमी करता येई. चार आण्यांचे मीठमिरची घेणाऱ्या बाईला ती सोय कोठून असणार? शिवाय बाहेरून संस्थानात येणाऱ्या मालावर १८०२ च्या व्यापारी तहान्वये ठरलेली शेकडा ५ ची जकात असे, आणि ती वसूल करणाऱ्या खात्याला करोडगिरी म्हणत. जकातीचा दर रेशमाला तोच आणि जाड्याभरड्या कापडालाही तोच. कागदावर ही समता दिसते; पण ज्याच्या साऱ्या मिळकतीचा मोठा भाग पोटाला व अंगाला जातो, त्याच्यावर समान दराची जकात समान पडत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडपासून औरंगाबाद, जालना या मार्गाने सिकंदराबादेकडे जाणारी लोहमार्गाची अरुंद वाट सुरू झाली. जालन्याची पेठ आधीच नावाजलेली. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण त्या वैभवाची आहे. आता तेथे कापूस घेऊन जाणारी गाडी परत येताना मुंबईच्या गिरण्यांचे कापड, घासलेट, काडेपेटी, साखर असा माल घेऊन येऊ लागली. हसनाबादच्या टापूतील शेतकऱ्याचा कापूस दूरच्या गिरणीत जाऊ लागला आणि दूरच्या गिरणीचे धोतर त्याच्या अंगावर आले. गावच्या कोष्ट्याचे व तेल्याचे गिऱ्हाईक मात्र तुटू लागले. एकाची खरेदी ही दुसऱ्याची भाकर असते. म्हणून गिऱ्हाइकाची आवड फिरली की गावातील एक अख्खी पायरी ढासळते, हा धडा येथे मिळतो.

आता दुसऱ्या वाटेकडे, म्हणजे माप आणि अट यांकडे वळू. गरीब माणूस स्वस्त माल घेतो असे म्हणण्याचा प्रघात आहे. वास्तविक पाहता तो महाग माल घेतो. सुगीत ज्वारीचा भाव उतरलेला असतो. तेव्हाच त्याला ती विकावी लागते, कारण सारा भरावयाचा असतो आणि सावकार खळ्यावर येऊन बसलेला असतो. आषाढ-श्रावणात भाव चढतो, तेव्हा तीच ज्वारी त्याला विकत घ्यावी लागते. ज्याच्या घरी पेव किंवा कणगी आहे तो नेमका याच्या उलट वागतो. उसने घेतलेले बी किंवा खाण्याचे धान्य सवाईने वा दिढीने फेडण्याचा करार असे. म्हणजे एका हंगामात मणाचे सव्वा मण किंवा दीड मण. रुपयाला महिना एक आणा या दराने कर्ज काढणाऱ्याला वर्षाचे शेकडा ७५ व्याज पडते, हे शाळेतील मुलालाही मांडता येईल. दुकानदार, धान्याचा व्यापारी आणि सावकार हे तिघे जेथे एकाच माणसात एकवटलेले असत, तेथे गिऱ्हाइकाला भाव करण्याची सोयच उरत नसे. उधारीच्या मापात किती धरले, हे त्याला खातेवहीवरून कळावे तर वही वाचता येत नाही. आणि रागावून दुसऱ्या दुकानी जावे तर तेथे त्याची पत नाही.

या स्थितीचा स्फोट पुणे जिल्ह्यातील सुपे येथे झाला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या पेठेत भोवतालच्या गावांचे कुणबी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चाल केली. त्यांचा रोख मुख्यतः खतांवर व खातेवह्यांवर होता. कागद हाती येताच ते त्यांनी जाळले. पुढे हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावी पोहोचले. सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या मंडळाने एक महत्त्वाचा निर्णय दिला. कुणबी लग्नात व सणात उधळपट्टी करतो म्हणून कर्जात बुडतो, असे साहेबलोक व शहरातील सुशिक्षित लोक सर्रास म्हणत. मंडळाने हिशेब पाहून असे नमूद केले की, लग्नकार्याच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा फाजील महत्त्व दिले गेले आहे. ‘ऋण काढून सण’ ही म्हण गरिबाच्या तोंडावर फेकण्यापूर्वी हा निर्णय सुशिक्षितांनी आठवावा.

मुंबईच्या गिरणगावातही निराळे काही नव्हते. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने फिंडले शिराझ यांच्या देखरेखीखाली कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. अर्ध्याहून अधिक खर्च निव्वळ अन्नावर होतो व पुष्कळ कुटुंबे कर्जबाजारी आहेत, असे तीत आढळले. या आकड्यांमागील नियम जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगल याने १८५७ मध्येच मांडला होता. कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा हिस्सा मोठा, हा तो नियम. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या खेड्याची डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी केलेली पाहणी १९१७ साली प्रसिद्ध झाली. गावकऱ्यांच्या स्वतःच्या साध्या राहणीची जी पातळी होती, तीदेखील बहुसंख्य कुटुंबांना आपल्या मिळकतीत गाठता येत नव्हती, असे त्यांना दिसले. तेच पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत असून तेथे उंच इमारती व झगमगीत दुकाने उभी आहेत. जागा तीच राहिली आणि गिऱ्हाईक बदलले.

येथवर पैशाच्या व पतीच्या अडचणी पाहिल्या. परंतु पैसा असूनही जेथे घेण्याची मोकळीकच नाही, तेथे काय? भारताच्या इतिहासातील हे पान सर्वांत कडू आहे. १९२८ च्या आरंभी इंदूर भागातील काही खेड्यांत बलाई जातीच्या लोकांना सवर्णांनी अटी घातल्या. जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसू नये, बायकांनी सोन्यारुप्याचे दागिने घालू नयेत, अशा त्या अटी. ज्यांनी त्या मानल्या नाहीत त्यांचे पाणी व वाटा बंद झाल्या. १९३५ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील एका खेड्यात अस्पृश्य बायकांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणले एवढ्यावरून त्यांना मारहाण झाली. १९३६ मध्ये जयपूरकडील एका खेड्यात अस्पृश्य यजमानाने आपल्याच पाहुण्यांना तुपाचे जेवण घातले, तेव्हा गावकऱ्यांनी ते जेवण उधळून लावले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हे प्रसंग १९३६ च्या आपल्या जातिनिर्मूलनावरील ग्रंथात नोंदवून ठेवले आहेत. यांतील एकाही माणसाने उसने पैसे मागितले नव्हते. पदरचा पैसा खर्चून पितळेचा हंडा घ्यावा व पाहुण्यांना तूप वाढावे, एवढीच त्यांची इच्छा होती. तूप महाग होते म्हणून नव्हे, तर ते परवडले म्हणून त्यांना शिक्षा झाली.

हे ध्यानात घेतले म्हणजे महाड येथे डिसेंबर १९२७ मध्ये आंबेडकरांनी स्त्रियांना जो उपदेश केला त्याचा खरा अर्थ उमगतो. लुगडे नेसण्याची तऱ्हा व ठरावीक जाडजूड दागिने या खुणांवरून अस्पृश्यता ओळखली जाते. तेव्हा त्या खुणा टाकून द्या आणि इतर सुसंस्कृत स्त्रियांप्रमाणे स्वच्छ व नीटनेटके राहा, असा त्या उपदेशाचा आशय होता. वरवर पाहता हा पोशाखाचा प्रश्न दिसेल. पण पोशाख हीच जेथे बेडी, तेथे नवे लुगडे घेणे हे बेडी तोडण्यासारखेच होते. अमेरिकेतील थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये, धनिक लोक गरजेसाठी नव्हे तर डौल मिरविण्यासाठी खर्च करतात, असा सिद्धांत मांडला. तो सिद्धांत धनिकांपुरता खरा आहे. परंतु दलिताच्या अंगावरील कोऱ्या सदऱ्याला त्याच मापाने मोजणे म्हणजे न्यायाची थट्टा होय. एकाच दुकानातून एक माणूस इतरांहून वर दिसण्यासाठी कापड घेतो, तर दुसरा खाली न दिसण्यासाठी.

या दोघांच्या मध्ये पांढरपेशा वर्ग उभा होता. त्याची खरेदी तिसऱ्या वाटेची, म्हणजे ओढीची, उत्तम साक्ष देते. सार्वजनिक काका म्हणून प्रसिद्ध असलेले पुण्याचे गणेश वासुदेव जोशी १८७७ च्या दिल्ली दरबारास हातसुताच्या खादीचा पोशाख घालून गेले. १९०५ नंतर स्वदेशी व बहिष्कार यांची चळवळ लोकमान्यांच्या प्रेरणेने महाराष्ट्रात पसरली आणि वस्तू घेणे किंवा न घेणे हे मत देण्यासारखे झाले. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. हातसुताची खादी गिरणीच्या कापडाहून बहुधा महाग पडे. तेव्हा तत्त्वासाठी दोन आणे जास्त मोजणे हे ज्याच्या गाठी दोन आणे आहेत त्यालाच साधे. तत्त्वालाही किंमत असते आणि ती देण्याची ऐपत सर्वांची सारखी नसते. चहाची कथा याच्या उलट आहे. १९०३ च्या कायद्याने चहावर प्रचारासाठी कर बसला आणि १९३० नंतरच्या मंदीत बाहेर न खपणारा माल देशातच खपविण्यासाठी शहरोशहरी व बाजारोबाजारी चहा पाजण्याची मोहीम निघाली. प्रथम साहेबाच्या व वकिलाच्या घरी असलेला कपबशीतील चहा पाहता पाहता गाडीवानाच्या हाती गेला. वकिलाच्या घरी साखरेचा आणि गाडीवानाच्या घरी गुळाचा, एवढा भेद मात्र राहिला.

आणि आता काळाने केलेला विनोद पाहावा. मराठवाड्यात ज्वारीची भाकरी हे रोजचे अन्न, आणि गव्हाची पोळी सणावाराची किंवा पाहुण्याची. ‘त्यांच्या घरी रोज पोळी असते’ हे श्रीमंतीचे वर्णन होते. १९७२ च्या दुष्काळात हजारो लोक खडी फोडण्याच्या व रस्त्याच्या कामांवर गेले, तेव्हा मिलो नावाची परदेशी तांबडी ज्वारी व सुकडी यांवर त्यांनी दिवस काढले. त्या दुष्काळाच्या अनुभवातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली व तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. कामाचा मोबदला रोख किंवा धान्यरूपाने हाती पडू लागला, म्हणजे मजुराची सावकाराच्या उंबरठ्यावरील खेप काहीशी कमी झाली. पुढे स्वस्त धान्य दुकानांतून गहू व तांदूळ घरोघर गेले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये व भरड धान्य १ रुपया किलो असे दर ठरले, आणि १ जानेवारी २०२३ पासून ते धान्य विनामूल्य झाले. इकडे ज्वारीचे पीक घटले, वैद्यांनी तिची थोरवी गायिली आणि अलीकडच्या काही वर्षांत तिचा भाव कित्येकदा गव्हाच्या वर गेला. आज शहरातील सुखवस्तू घरात भाकरी हौसेने भाजली जाते आणि मजुराच्या घरी रेशनच्या गव्हाची पोळी होते. गूळ व साखर यांचेही तसेच झाले. सेंद्रिय म्हणून विकला जाणारा गूळ साखरेहून महाग आहे. यावरून दिसते की, मान वस्तूत नसतो. वरची माणसे जे घेतात त्यात तो वसतो, आणि खालची माणसे तेथे पोहोचली की तो बिऱ्हाड हलवितो.

बियाण्याच्या बाबतीत तर जालना हे स्वतःच इतिहासाचे ठिकाण झाले. पूर्वी शेतकरी पुढील वर्षाचे बी घरच्या कणगीत राखेनंतर ठेवीत असे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजेच महिको, स्थापिली. आणि संकरित बी दरवर्षी दुकानातून आणण्याची रीत पडली. उत्पन्न वाढले हे खरेच. पण पूर्वी जो केवळ विकणारा होता तो पेरणीच्या दिवशीही घेणारा झाला. मोठा बागायतदार रोख देऊन, जाण विचारून बी घेतो. लहान शेतकरी शेजाऱ्याचे पाहून व उधारीवर घेतो. पाऊस दगावला आणि दुबार पेरणी आली, तर पहिल्याला तो तोटा असतो आणि दुसऱ्याला ते कर्ज असते. सवाई-दिढीचे नाव गेले. तिची सावली पुरती गेली नाही.

तथापि काही ठिकाणी पायरी खरोखर सपाट झाली, हेही सांगितले पाहिजे. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी निरमा ही कपडे धुण्याची पूड काढली व मोठ्या कंपन्यांच्या मालाच्या मानाने फारच कमी दरात विकली. खालच्या पायरीवरचे गिऱ्हाईक संख्येने मोठे असते, ही गोष्ट त्यामुळे मोठ्या व्यापाऱ्यांना कळली. त्यानंतर केस धुण्याच्या द्रवाच्या लहान पुड्या निघाल्या. वाण्याच्या कागदी पुडीचाच हा नवा अवतार. जुन्या बाजारात लहान माप नेहमी महाग पडे. या पुड्यांच्या बाबतीत ते कित्येकदा बाटलीहून स्वस्त पडू लागले. १९५७ मध्ये दशमान नाणी आणि त्यानंतर किलोग्रॅमची मापे आली. छापील किंमत व वजन आवेष्टनावर आले. वाचता येणाऱ्या मुलीने आईच्या हातातील पुडी उलटून किंमत वाचावी, हा तराजूपेक्षाही मोठा पहारा होय.

तरीही अंतर किती उरले आहे ते सरकारी पाहणीच सांगते. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळातील पाहणीप्रमाणे देशाच्या ग्रामीण भागात माणशी मासिक खर्च सरासरी ३,७७३ रुपये, तर नागरी भागात ६,४५९ रुपये निघाला. ग्रामीण भागातील सर्वांत खालच्या शेकडा ५ लोकांचा माणशी खर्च १,३७३ रुपये आणि सर्वांत वरच्या शेकडा ५ लोकांचा १०,५०१ रुपये. १९९९-२००० साली ग्रामीण खर्चात अन्नाचा हिस्सा शेकडा ५९ च्या वर होता. तो या पाहणीत शेकडा ४६ वर उतरला. एंगलच्या नियमाप्रमाणे ही सुधारणेची खूण आहे. परंतु उरलेल्या पैशात औषध, शिकवणी, प्रवास व दूरध्वनी यांचा खर्च भागवावयाचा असतो, हे विसरून चालणार नाही.

एवंच, हसनाबादच्या मुलखाने दोन हजार वर्षांत जे पाहिले त्याचा मथितार्थ असा. काय घ्यावे याची बंदी कायद्याने उठली. हंड्यासाठी वा तुपासाठी मार खाण्याचे दिवस जावेत एवढे बळ राज्यघटनेने दिले. कोणत्या अटीवर घ्यावे यातील अन्याय पुष्कळ सौम्य झाला, पण उधारीच्या रूपाने तो अद्याप नांदत आहे. कशासाठी घ्यावे, ही ओढ मात्र अंगी मुरलेली आहे व ती प्रत्येक पायरीवर सारखीच आहे. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ असे म्हणून हसणे सोपे आहे. सोनुबाईच्या आजीला सोन्याचा वाळा घालण्याची मनाई होती की काय, हे हसणाऱ्याने आधी विचारावे. मजुराच्या मुलीच्या लग्नातील चार जादा दिवे पाहून सुशिक्षित घरातील मंडळी जेव्हा उधळपट्टीचा शेरा मारतात, तेव्हा त्यांनी आपल्या घरातील खर्चाची वहीही शेजारी उघडून ठेवावी. आणि मजुराला ते दिवे कोणत्या व्याजाने मिळाले, याची चौकशी करावी. त्या व्याजाचा दर उतरविणे हे समाजाच्या हाती आहे, आणि उपदेशापेक्षा त्या मजुराच्या उपयोगी तेच अधिक पडेल.